कुलूप घेण्याआधी किल्ल्यांचा हिशोब

1999 ची दिवाळी होऊन गेली होती. सांगलीच्या गणपती पेठेतल्या माझ्या टपरीवर सतरा-अठरा वर्षांचा एक पोरगा आला. हातात एकच पितळी किल्ली, तिच्या खाचांत हळदीची पिवळी भुकटी बसलेली. "मामा, मालकांनी एक जादा करून आणायला सांगितलीय," म्हणाला. मी कोरी किल्ली काढली, मशीनवर चढवली, कानशीनं कड मारली आणि 15 रुपये घेतले. चार मिनिटांचं काम.

तीन आठवड्यांनी हवालदार आले. त्यांच्या हातात मीच कापलेली ती किल्ली होती. वखार भागातल्या एका गोदामातून दोन रात्रींत अकरा पोती हळद गेली होती. कुलूप फुटलेलं नव्हतं, कोयंडा जागच्या जागी होता, दाराला ओरखडासुद्धा नव्हता. मालकानं त्या काळात मिळणारं चांगल्यातलं कुलूप घेतलं होतं आणि कुलपानं त्याचं काम नीट केलं होतं. पोलिसांनी मला साक्षीदार केलं, त्रास दिला नाही. पण मालकाची बायको एक दिवस दुकानासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, एकदा विचारायचं तरी होतं." ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही. तेव्हापासून दुकानात वही आहे. किल्ली कोणाची, कोण घेऊन आलं, कुठल्या दाराची, हे लिहिल्याशिवाय मी मशीन चालू करत नाही.

पण सांगलीत किल्ल्या करणारा मी एकटा नाही, आणि प्रत्येकाकडे वही नाही. म्हणून तुमची किल्ली तुम्हाला न विचारता कुणालाच करता येऊ नये, याची सोय तुम्हीच करायला हवी. ती कशी करायची ते लिहितो. घर, दुकान, गोदाम, दवाखाना, सोसायटी, सगळ्यांना हे लागू आहे.

आधी मोजा

आज रात्री जेवणं झाली की घरातल्या किंवा दुकानातल्या सगळ्या किल्ल्या ताटात काढा. एकेक दार घ्या आणि कागदावर लिहा: कुलपाबरोबर किती किल्ल्या आल्या होत्या, नंतर किती केल्या, आज ताटात किती आहेत, बाकीच्या कोणाकडे आहेत. नाव लिहा. "कामवाल्या मावशींकडे असेल" असं लिहायचं नाही, त्यांना विचारून मग लिहायचं.

मी ज्या ज्या ठिकाणी हे करायला लावलं, तिथं एका तरी दाराचा हिशोब जुळला नाही. भाडेकरू सोडून गेला आणि त्यानं दोन किल्ल्या दिल्या, पण त्यानं मधे तिसरी केली होती का? सुताराला फर्निचरच्या वेळी दिलेली परत आली का? आणि परत आली असली तरी ती चार दिवस त्याच्याकडे होती. साध्या कुलपाची किल्ली परत मिळाली म्हणजे विषय संपला, असं होत नाही. मधल्या काळात तिच्यासारखी दुसरी निघाली असेल, तर ते तुम्हाला कळायला मार्गच नाही. ही अडचण पैसे खर्चून सोडवता येते, आणि त्यासाठीच रिस्ट्रिक्टेड की-वे ही गोष्ट आहे.

की-वे म्हणजे काय

किल्ली दोन गोष्टींनी बनते. एक म्हणजे वरच्या कडेचे दाते किंवा खाचा, ज्या आम्ही मशीनवर कापतो. दुसरी म्हणजे पात्याचा घाट. किल्ली टोकाकडून डोळ्यासमोर धरा, पात्याच्या दोन्ही बाजूंना लांबच्या लांब पन्हळी दिसतील. कुलपाच्या भोकाला समोरून पाहिलं तर तीच नागमोडी वळणं उलटी दिसतात. त्या भोकाच्या आकाराला की-वे म्हणतात. घाट जुळला नाही तर किल्ली भोकात शिरतच नाही, मग दाते कितीही बरोबर असोत.

आम्ही किल्ली करतो तेव्हा दाते कापतो, घाट तयार विकत घेतो. माझ्या भिंतीवर खिळ्यांना कोऱ्या किल्ल्यांचे शेकडो नमुने टांगलेले आहेत. रोजच्या वापरातल्या बहुतेक कंपन्यांचा घाट बाजारात सुटा मिळतो, डझनाच्या भावानं. तुमच्या किल्लीचा घाट माझ्या भिंतीवर असेल तर तिची जोडी चार मिनिटांत होते. नसेल तर मी काही करू शकत नाही.

रिस्ट्रिक्टेड की-वे म्हणजे ज्या घाटाची कोरी किल्ली कंपनी उघड्या बाजारात सोडत नाही. ठरावीक डीलरलाच, करार करून, मोजून देते. डीलरनं ती कोणासाठी कापली याची नोंद ठेवायची आणि मालकाचं कार्ड किंवा सही पाहिल्याशिवाय कापायची नाही. मोठ्या गिऱ्हाइकासाठी काही कंपन्या स्वतंत्र घाटच राखून ठेवतात.

इथं एक गैरसमज दूर करतो. छिद्राछिद्रांची चपटी किल्ली येते, बाजारात तिला कॉम्प्युटर चावी म्हणतात. ती दिसली की लोकांना वाटतं, हिची नक्कल होत नाही. होते. त्यातल्या अनेक घाटांच्या कोऱ्या किल्ल्या आणि त्या कापायचं मशीन, दोन्ही बाजारात आहे. माझ्याकडेही आहे. तसंच किल्लीवर इंग्रजीत "नक्कल करू नये" असं कोरलेलं असतं, त्याचाही उपयोग नाही. ती नुसती विनंती आहे. मी ती मानतो, शेजारचा मानेलच असं नाही.

करार, पेटंट आणि हलता भाग

दुकानदार "रिस्ट्रिक्टेड आहे" म्हणाला की त्याला विचारायचं, कशाच्या जोरावर? याची उत्तरं तीन असू शकतात आणि तिन्हींची ताकद सारखी नाही.

पहिलं उत्तर नुसता करार. कंपनी आणि डीलर यांच्यात ठरलेलं असतं. डीलर सरळ असेपर्यंत हे चालतं. दुसऱ्या कोणी त्या घाटाच्या कोऱ्या किल्ल्या बनवायला सुरुवात केली तर करार त्याला लागू होत नाही.

दुसरं उत्तर पेटंट. पेटंट असेपर्यंत दुसऱ्याला ती किल्ली बनवून विकता येत नाही. पण पेटंटला वयोमर्यादा आहे. आपल्याकडे आणि बहुतेक देशांत अर्ज केल्यापासून 20 वर्षं. ती संपली की तोच घाट कोणीही काढू शकतो. म्हणून या धंद्यातल्या मोठ्या कंपन्या मुदत संपत आली की नवी रचना आणतात. अमेरिकेतल्या मेडेकोचं उदाहरण घ्या. तिच्या किल्लीवरच्या खाचा तिरक्या कापलेल्या असतात, त्यामुळे कुलपातली पिन, म्हणजे किल्लीच्या खाचांवर उचलली जाणारी छोटी सळी, नुसती उचलली जात नाही, ती फिरतेसुद्धा. उंची आणि कोन दोन्ही जुळले तरच बाजूची आडवी पट्टी आत सरकते आणि कुलूप फिरतं. 1968 मध्ये सुरू झालेल्या या कंपनीनं 1985 मध्ये बायअ‍ॅक्सियल आणि 2003 मध्ये मेडेको-थ्री बाजारात आणलं. जुन्या मॉडेलचं पेटंट संपलं म्हणून कुलूप कमजोर होत नाही, पण त्याच्या किल्लीवरचा कायद्याचा पहारा उठतो. तेव्हा विकत घेताना पेटंट किती सालापर्यंत आहे, हे लेखी मागा. चार वर्षंच उरली असतील तर पूर्ण किंमत मोजायची की नाही, याचा विचार करा.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार थोडे विचारतात. पेटंट ज्या देशात घेतलं त्याच देशात चालतं. युरोपात पेटंट असलेल्या किल्लीचं भारतात पेटंट आहे का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

तिसरं उत्तर मला सगळ्यात भरवशाचं वाटतं: किल्लीतच हलणारा भाग. इस्राएलच्या मल-टी-लॉकच्या इंटरॅक्टिव्ह प्रकारात किल्लीच्या पात्यात स्प्रिंगवरची छोटी पिन असते. फिनलंडच्या अ‍ॅब्लॉयच्या प्रोटेक-टू मध्येही किल्लीला हलणारा भाग आहे. असा भाग असेल तर नुसता ठसा घेऊन ओतलेली किंवा छापलेली किल्ली चालत नाही. हे का महत्त्वाचं? 2013 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या दोन विद्यार्थ्यांनी श्लेग कंपनीच्या प्रायमस या रिस्ट्रिक्टेड किल्लीची थ्री-डी प्रिंटरवर प्रत काढून दाखवली. कोरी किल्ली मिळू न देणं एवढंच संरक्षण असेल, तर प्रिंटरला कोरी किल्ली लागतच नाही. माझ्या भिंतीवरच्या खिळ्यांचं महत्त्व त्या दिवशी कमी झालं, हे मी मान्य करतो.

खरेदी करताना

आजकाल फ्लॅटच्या दारांना जो सिलिंडर, म्हणजे किल्ली ज्यात शिरते तो कुलपाचा सुटा भाग असतो, खालचा भाग चपटा आणि वरचा गोल, त्याला युरो प्रोफाइल म्हणतात. त्याची उंची 33 मिलिमीटर आणि गोल भाग 17 मिलिमीटर, हे सगळीकडे ठरलेलं आहे. त्यामुळे बऱ्याचदा पूर्ण कुलूप बदलावं लागत नाही, सिलिंडर बदलला की झालं. दाराच्या कडेला लॅचच्या पट्टीवर एक लांब स्क्रू असतो, तो काढला, किल्ली थोडी तिरकी केली की सिलिंडर बाहेर येतो.

लांबी मोजताना त्या स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून बाहेरची बाजू वेगळी आणि आतली बाजू वेगळी मोजा. 30-40 आणि 35-35, दोन्हींची बेरीज 70 च भरते, पण एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. बाहेरच्या बाजूला सिलिंडर प्लेटच्या पुढे 3 मिलिमीटरपेक्षा जास्त डोकावू देऊ नका. डोकावलेला भाग पकडून सिलिंडर मधल्या स्क्रूच्या भोकापाशी मोडता येतो, आणि मग किल्ली कितीही रिस्ट्रिक्टेड असली तरी काय उपयोग? चोराला किल्लीची गरजच उरत नाही.

परदेशी सिलिंडरच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात ईएन 1303 असं लिहिलेलं असतं आणि पुढे आठ आकडे असतात. त्यातला सातवा आकडा किल्लीच्या सुरक्षेचा, आठवा तोडफोडीला तोंड देण्याचा. सातव्या घरात 6 म्हणजे वरची पायरी. तिथं कमीत कमी 1 लाख वेगवेगळ्या किल्ल्या शक्य असाव्या लागतात. दुकानदाराला हा सातवा आकडा विचारा. सांगता आला नाही तर त्यानं माहितीपत्रक आणून दाखवावं.

घरात म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील तर आणखी एक गोष्ट बघा. आतून किल्ली लावलेली असताना बाहेरून दुसऱ्या किल्लीनं उघडतं का? सगळे सिलिंडर तसे नसतात. विश्रामबागेत एका आजींना आतल्या खोलीत पडल्यावर बाहेर काढायला आम्हाला दार कापावं लागलं होतं, कारण किल्ली आतून भोकातच होती. दोन्ही बाजूंनी चालणारा सिलिंडर मागा, नाहीतर आतल्या बाजूला किल्लीऐवजी फिरवायची मूठ घ्या. आगीच्या वेळी अंधारात किल्ली शोधायला लागू नये.

नवं घर बांधताय? मग कन्स्ट्रक्शन किल्लीची सोय असलेला सिलिंडर विचारा. गवंडी, सुतार, रंगारी यांना एक किल्ली द्यायची. काम संपल्यावर मालकाची किल्ली पहिल्यांदा फिरली की कामगारांची किल्ली आपोआप बंद होते. मल-टी-लॉकमध्ये हिरवी, पिवळी, लाल अशा तीन टप्प्यांची सोय येते. हिरवी हरवली तर पिवळी फिरवा, हिरवी निकामी. पिवळीही हरवली तर लाल. सिलिंडर बदलायला लागत नाही.

बाथरूम, अडगळीची खोली, बाल्कनी यांना असलं काही बसवू नका. पैसे मुख्य दाराला, रोकडीच्या खोलीला, औषधांच्या किंवा मालाच्या खोलीला लावा. आणि आधी चौकट बघा. वाळवी लागलेल्या चौकटीत अर्ध्या इंचाच्या स्क्रूवर बसवलेल्या पट्टीला महागडा सिलिंडर लावणाऱ्यांना मी परत पाठवतो, आधी सुताराकडे जा म्हणून.

कार्ड किल्लीपेक्षा जास्त जपा

अशा कुलपाबरोबर एक कार्ड येतं, त्यावर नंबर असतो. ते कार्ड दाखवलं तरच डीलर नवी किल्ली कापतो. म्हणजे कार्ड ज्याच्या हातात, किल्ली त्याच्या हातात. तरीही लोक कार्ड किल्ल्यांच्याच जुडग्याला अडकवतात किंवा कुलपाच्या खोक्यात ठेवून खोकं माळ्यावर टाकतात. कार्डाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकणारेही पाहिलेत. कार्ड घरच्या कागदपत्रांत, बंद पाकिटात, किल्ल्यांपासून दूर ठेवा.

संस्थेसाठी नुसतं कार्ड पुरत नाही. डीलरकडे सह्यांचं पत्र द्या: अमुक दोघांच्या सह्या असतील तरच किल्ली करायची. आणि कमिटी बदलली की पहिल्या आठवड्यात ते पत्र बदला. एका सोसायटीत चार वर्षांपूर्वीच्या सेक्रेटरींची सही अजून चालू होती. ते भले गृहस्थ होते म्हणून काही बिघडलं नाही.

फोटोचं बोललोच आहे तर हेही सांगतो. वास्तुशांतीला नव्या घराची किल्ली हातात धरून फोटो काढायची पद्धत आहे. बिल्डर किल्ली देतो, दोघं नवरा-बायको हसतात, फोटो स्टेटसवर जातो. आनंदाचा क्षण आहे, पण किल्लीचं पातं मुठीत झाका. खाचांची खोली फोटोवरून मोजता येते. 2008 मध्ये सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी 195 फुटांवरून दुर्बिणीतून काढलेल्या फोटोवरून किल्ली ओळखून दाखवली होती. विमानतळावर सामान तपासायला वापरतात त्या मास्टर किल्ल्यांचा फोटो 2014 मध्ये अमेरिकेत एका वर्तमानपत्रात छापून आला, आणि पुढच्या वर्षी त्यांच्या थ्री-डी प्रती इंटरनेटवर होत्या.

विट्याकडची बंद घरं

खानापूर, विटा, आटपाडी भागातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी पार केरळपासून बंगालपर्यंत पसरली आहेत. सोनं-चांदी गाळायचं काम तिकडे, आणि गावाकडे दुमजली घर, वर्षातले दहा-अकरा महिने बंद. जत्रेला आणि लग्नसराईला उघडतं. किल्ली भावकीत किंवा शेजारच्या काकूंकडे. त्या घरांसाठी मला सगळ्यात जास्त कळकळ वाटते, कारण तिथं सगळा व्यवहार विश्वासावर चालतो आणि एखादी चोरी झाली की पहिला संशय त्याच विश्वासाच्या माणसावर जातो. एका घरात असंच झालं. शेजारच्या काकूंनी सोळा वर्षं घर सांभाळलं होतं, दिवा लावला होता. चोरी झाली, किल्ली त्यांच्याकडे होती, आणि दोन घरांचं बोलणं तुटलं. पुढे कळलं, जुन्या भाडेकरूकडे एक जादा किल्ली राहिली होती.

त्यांना मी असं करून देतो. मुख्य दाराला रिस्ट्रिक्टेड सिलिंडर, किल्ल्या फक्त चार. दोन मालकाकडे, एक काकूंकडे, एक सीलबंद पाकिटात दुसऱ्या गावी, बहिणीकडे किंवा आणखी कोणा जवळच्याकडे. पाकिटाच्या चिकटवलेल्या कडेवर मालकाची सही. कार्ड मालकाबरोबर परगावी. काकूंची किल्ली मुख्य दारापुरती, आतल्या कपाटांच्या खोलीला वेगळं कुलूप. मग काकूंच्या किल्लीची प्रत कुठल्याही टपरीवर होऊ शकत नाही, आणि हे काकूंनाही समजावून सांगायचं. त्या लगेच म्हणतात, "बरं झालं बाई, आता मला घोर नाही." किल्ली सांभाळणाऱ्याचीही यात सुटका असते.

मास्टर किल्ली

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, त्यामुळे मास्टर किल्लीची मागणी तिकडून येते: प्रत्येक खोलीला आपली किल्ली आणि डॉक्टरांकडे सगळी दारं उघडणारी एकच. सोयीचं आहे, पण हे साध्या घाटाच्या कुलपांवर कधीही करू नका. 2003 च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मॅट ब्लेझ या संगणकशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की अशा व्यवस्थेतल्या एका साध्या खोलीची किल्ली, तिचं कुलूप आणि थोड्या कोऱ्या किल्ल्या हाताशी असतील तर मास्टर किल्लीचा हिशोब लावता येतो. आमच्या धंद्यातल्या जुन्या लोकांना ते आधीपासून माहीत होतं, फक्त कोणी बोलत नव्हतं. यात कोऱ्या किल्ल्या मिळणं हाच कच्चा दुवा आहे, म्हणून मास्टर व्यवस्था हवी असेल तर घाट रिस्ट्रिक्टेडच हवा.

औषधांची खोली, रोकड आणि नोंदींचं कपाट मास्टरच्या बाहेर ठेवा. मास्टर दोनच करा, आणि त्या इमारतीबाहेर नेऊ नका. एका दवाखान्यात 42 दारं होती आणि मास्टर किल्ल्या नऊ निघाल्या. त्यातल्या दोन कोणाकडे आहेत हे कोणालाच सांगता आलं नाही. शेवटी सगळ्या सिलिंडरच्या पिना बदलाव्या लागल्या, म्हणजे जुन्या किल्ल्या निकामी.

वही

साधी दोनशे पानी वही पुरते. किल्लीच्या डोक्यावर एक नंबर ठोकून घ्या, नुसता नंबर. दाराचं नाव, दुकानाचं नाव, पत्ता काही नाही. पत्ता लिहिलेली किल्ली रस्त्यात पडली तर सापडणाऱ्याला घर शोधायला लागत नाही. वहीत नंबर, कोणाला दिली, तारीख, त्याची सही, परत कधी आली, पुन्हा त्याची सही. नोकरी सोडणाऱ्याचा शेवटचा हिशोब किल्ली जमा झाल्यावर करायचा.

हे कसं करावं याचा नमुना बघायचा असेल तर बँकेच्या लॉकरचे नियम बघा. रिझर्व्ह बँकेनं 18 ऑगस्ट 2021 ला काढलेल्या आणि 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या सूचनांत लिहिलंय: रिकाम्या लॉकरच्या किल्ल्या सीलबंद पाकिटात ठेवायच्या, मास्टर किल्लीची जोडी दुसऱ्या शाखेत ठेवायची, मास्टर किल्ल्या कोणाच्या संयुक्त ताब्यात आहेत याची नोंद ठेवायची, आणि त्या ताब्याशी संबंध नसलेल्या अधिकाऱ्यानं अचानक येऊन तपासायचं. शेवटचा नियम मला फार आवडतो. किल्ल्या सांभाळणाऱ्यानंच किल्ल्या मोजल्या तर ते मोजणं झालं नाही. गोदामातल्या किल्ल्या मुनीम सांभाळत असेल तर मोजायला घरातल्या कोणाला तरी पाठवा, न सांगता.

किल्ली हरवली तर काय? रिस्ट्रिक्टेड असेल तर आधी ठरवा, ती कुठं हरवली. शेतात, नदीत, प्रवासात पडली आणि तिच्याबरोबर पत्ता नव्हता, तर नवी कापून घ्या आणि वहीत लिहा. पण पर्ससकट चोरीला गेली, किंवा रागानं काम सोडून गेलेल्या माणसानं परत केली नाही, तर त्याच दिवशी पिना बदला. पूर्ण सिलिंडरपेक्षा हे स्वस्त पडतं. आठवडाभर थांबून बघू, असं करू नका.

हळद, गंधक आणि पूर

आपल्या भागात कुलपाचे शत्रू वेगळे आहेत. हळदीच्या गोदामात भुकटी भोकात बसते आणि लोक वरून खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल सोडतात. दोन्ही मिळून आत लगदा होतो आणि पिना अडकतात. तासगावकडे बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, तिथं पितळ काळवंडतं. अशा ठिकाणी बाहेर झाकण असलेला सिलिंडर घ्या, महिन्यातून एकदा ब्रशनं भोक झाडा, आणि कंपनी सांगेल तेच वंगण वापरा. अ‍ॅब्लॉयसारख्या चकत्यांच्या कुलपाला हलकं मशीन तेल चालतं. पिनांच्या सिलिंडरला मी कोरडा स्प्रे मारतो. स्वयंपाकघरातलं तेल कशालाच नको.

पुराचं वेगळं सांगतो. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45 फूट आहे. माझ्या दुकानात शटरच्या वरच्या पट्टीपर्यंत गाळ होता. पाणी उतरल्यावर पंधरा दिवस मी दुसऱ्यांची कुलपंच साफ करत होतो. त्यात निम्म्या लोकांच्या जादा किल्ल्या तळमजल्यावरच्या गल्ल्यात किंवा कपाटात होत्या, कुलपाबरोबरच बुडालेल्या. जादा किल्ल्यांचं पाकीट आणि कार्ड वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या गावी ठेवा. 2019 ची पाण्याची खूण भिंतीवर अजून दिसत असेल, तिच्या वर. गाळ गेलेल्या कुलपात किल्ली घालून जोर लावायचा नाही, ती आत मोडते. आधी स्वच्छ पाण्यानं भोक धुवा, गाळ निघू द्या, दोन दिवस वाळवा, मग वंगण आणि मग किल्ली.

मोजणी वर्षातून एकदा तरी ठरलेल्या दिवशी करा, अचानक तपासणी निराळी. माझ्या गिऱ्हाइकांना मी खंडेनवमी सांगतो. त्या दिवशी आपण अवजारं पुजतोच, तर किल्ल्याही पाटावर मांडायच्या. वखार भागातल्या त्याच गोदामाचा कारभार आता मालकांचा मुलगा बघतो. त्याच्याकडे चौदा किल्ल्या आहेत. खंडेनवमीला सकाळी पाटावर नंबरानं ओळ लावतो, त्याची आई वही घेऊन शेजारी बसते आणि एकेक नंबर वाचते. चौदा भरल्या की हळद-कुंकू वाहतात. गेल्या वर्षी तेरा भरल्या. पूजा तशीच थांबवून त्यानं मला फोन केला, आणि मी पिनांचा डबा घेऊन निघालो.